ठेवणीतला सूट

नेगोतिन गावच्या चौकातल्या चार मजली दुकानाला एक भलंमोठं सरकारी नाव होतं, पण गावात ते कुणी घेत नसे. "दुकानात जाऊन येते" म्हटलं की ते हेच. बाकीच्यांना चपलांचं, लोखंडाचं, चिन्याचं अशी शेपटं लावावी लागत. या दुकानाच्या दुसऱ्या मजल्यावर, पुरुषांच्या सुटांपाशी, विदोसावा सदतीस वर्षं उभी होती. तिला सगळे विदामावशी म्हणत. तिच्याहून वयानं मोठे असलेलेसुद्धा.

ती गोडबोली होती असं मात्र कुणी समजू नये. गळ्यात मोजपट्टी, नाकावर चष्मा आणि जिभेवर थोडा विस्तव, असा तिचा अवतार. नवरदेव आरशासमोर पोट आत ओढून उभा राहिला की ती म्हणे, "सोड ते पोट. लग्नात दिवसभर श्वास कोंडून बसणार आहेस का? बायकोला आज ना उद्या कळणारच आहे." नवरदेवाची आई हसायची, नवरदेव लाल व्हायचा, आणि सूट असा बसायचा की पोरगं फोटोत ओळखू येऊ नये. एखाद्याला रंग शोभत नसेल तर ती तो विकतच नसे. "हा तुझा नाही," एवढं बोलून कपडा परत खुंटीला. साहेब लोक कपाळाला हात लावायचे. पण तेच गिऱ्हाईक वीस वर्षांनी आपल्या पोराला घेऊन तिच्याचकडे यायचं.

आणि सूट कागदात गुंडाळून हातात देताना ती म्हणायची, "निरोगी अंगानं घाला!" नव्या कपड्याला आमच्याकडे सगळेच हे म्हणतात. शेजारीण म्हणते, पोस्टमन म्हणतो, तान्ह्या पोराच्या मोज्यांनासुद्धा म्हणतात. पण एका प्रकारच्या गिऱ्हाइकाला विदामावशीनं हे कधीही म्हटलं नाही. ज्यांच्या घरातलं माणूस गेलेलं असे, त्यांना.

आमच्या बाजूच्या गावांत माणूस पुरला म्हणजे काम संपत नाही. चाळिसाव्या दिवशी, सहा महिन्यांनी, वर्षानं त्याच्या नावानं जेवण मांडायचं, आणि त्याच्याच वयाच्या, त्याच्याच अंगलटीच्या एका जिवंत माणसाला नखशिखांत नवं घालायचं. सूट, शर्ट, आतले कपडे, मोजे, बूट, टोपी, खिशात रुमाल आणि कंगवा. याला पोमाना म्हणतात. इकडे त्यानं घातलं की तिकडे याला मिळतं. म्हणून माप मेलेल्याचंच लागतं. सूट ढगळ निघाला तर बिचारा तिकडे कायमचा ढगळ्या कपड्यांत हिंडणार. आणि त्या कपड्यावर जिवंताचा आशीर्वाद पडता कामा नये. "निरोगी अंगानं घाला" म्हटलं की तो कपडा जिवंताचा झाला. मग तो इथंच राहतो, पोचत नाही.

अशी माणसं विदामावशीला जिन्यातूनच कळायची. ती आरशाकडे बघत नाहीत. हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत मापासाठी आणलेला जुना शर्ट असतो, न धुतलेलाही असतो कधीकधी. आणि आल्यावर ती कितीतरी वेळ नुसती उभी राहतात. विदामावशी काही विचारत नसे. लाल गादीची एक खुर्ची होती, ती पुढे सरकवायची. "बसा. शर्ट द्या इकडे." मग खालच्या-वरच्या मजल्यांवरच्या पोरींना हाक जायची आणि बूट, मोजे, टोपी, रुमाल सगळं तिथं जमा व्हायचं. मागच्या खोलीतून कॉफी यायची. गिऱ्हाइकानं फक्त बसून राहायचं. शेवटी पुडकं देताना ती कोपराला हात लावायची आणि दोनच शब्द म्हणायची, "त्यांना पोचो."

मग राजधानीतल्या, बेलग्रेडच्या, एका कंपनीनं दुकान घेतलं.

पहिल्याच आठवड्यात खुर्च्या गेल्या. बसलेलं गिऱ्हाईक खर्च करत नाही म्हणे; हिंडतं ठेवायला हवं. मग पोरी गेल्या. बेचाळीस जणी होत्या, नऊ उरल्या, आणि एका पाळीला एका मजल्यावर एक बाई आणि एक गल्ला असा हिशेब झाला. तळघरातल्या शिंप्याला घरी पाठवलं, कारण विजारी आता तीन लांबींत तयार येणार होत्या. जणू सगळ्या देशाचे पाय तीनच मापांचे. छतातून गाणी वाजायला लागली. लोक हातात शर्ट धरून विचारायला माणूस शोधत फिरायचे आणि शेवटी शर्ट कुठंतरी कोंबून निघून जायचे. विदामावशीची मोजपट्टीसुद्धा गेली, कारण गिऱ्हाइकाच्या अंगाला हात लावायचा नाही असा नियम आला. ती पट्टी तिनं पर्समध्ये ठेवली, आणि नंतर कितीतरी दिवस तिचा हात उगाच गळ्याशी जात राहिला.

हे सगळं तिनं गिळलं. पण नंतर वाक्य आलं.

बेलग्रेडच्या कुणा हुशार माणसाला कळलं होतं की या भागात नव्या कपड्याला काहीतरी म्हणतात. त्यानं ते उचललं आणि त्याला शेपूट जोडलं. "निरोगी अंगानं घाला! आमचं कार्ड आहे का?" कपडा पिशवीत घालताना, पैसे घेण्याआधी, हसून, प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणायचं. म्हणतात की नाही हे पाहायला कंपनी खोटी गिऱ्हाइकं पाठवणार, आणि ती गुपचूप गुण देणार. तीन वेळा चुकलं की घरी.

"प्रत्येकाला?" विदामावशीनं विचारलं.

"प्रत्येकाला," सुझाना म्हणाली. सुझाना म्हणजे नवी व्यवस्थापक, चौतीस वर्षांची, याच गावची. तिच्या दहावीच्या समारंभाला तिच्या बापाचा सूट विदामावशीनंच दिला होता. पोरगी वाईट नव्हती. तिलाही वरून कुणीतरी गुण देत होतं.

"मेलेल्याचा सूट घ्यायला आलेल्यालाही?"

"मावशी, कंपनीच्या यादीत मेलेलं गिऱ्हाईक हा प्रकारच नाही. मी काय करू?"

विदामावशीच्या पेन्शनला तेव्हा आठ महिने उरले होते. आठ महिने काढले तर पूर्ण, आणि आधी गेली तर मरेपर्यंत कापलेली. नवरा सिबिन खाणीतून कंबर मोडून घेऊन आलेला, त्याची पेन्शन त्याच्या औषधांना पुरायची नाही. त्यामुळे ती वाक्य म्हणायला शिकली. नवरदेवांना म्हणाली, शाळकरी पोरांना म्हणाली, "कार्ड आहे का" हे दात ओठ खाऊन म्हणाली. फक्त पिशवीत जुना शर्ट घेऊन येणाऱ्यांना म्हणाली नाही. पहिल्यांदा चुकली ती सुझानाच्या डोळ्यांदेखत. वडिलांच्या सहामाहीसाठी एक पोरगी आली होती. सुझानानं मान खाली घालून वहीत लिहिलं.

दुसरी चूक मात्र तिच्या जिव्हारी लागली.

ऑक्टोबरमध्ये एक बाई आली. काळा रुमाल, पडलेला चेहरा. आरशाकडे पाहिलं नाही. सूट मागितला, शर्ट मागितला, मोजे, बूट. विदामावशीचा जीव गलबलला. गल्ला सोडून ती स्वतः खाली जाऊन बूट घेऊन आली. बसायला काही नव्हतं, म्हणून खोक्यांचा ढीग करून त्यावर बाईला बसवलं. पिशवी देताना कोपराला हात लावला. "त्यांना पोचो."

दोन दिवसांनी सुझानानं फोनवरचा अहवाल वाचून दाखवला. विक्रेतीनं ठरलेलं वाक्य म्हटलं नाही. गल्ला सोडून गेली. गिऱ्हाइकाला खोक्यावर बसवलं. परवानगीशिवाय स्पर्श केला आणि काहीतरी अगम्य पुटपुटली. दहापैकी दोन.

"ती खोटी होती?" विदामावशी म्हणाली. "काळा रुमाल बांधून आली होती गं!"

"सोंग घ्यायला त्यांना शिकवतातच, मावशी. आता एकच उरली. जपा."

गुण गेल्याचं दुःख तिला नव्हतं. सदतीस वर्षं जिन्यातून चढणारं माणूस पाहून जे डोळे चुकले नव्हते, ते चुकले होते. त्या दिवसापासून ती प्रत्येक उदास चेहऱ्याकडे संशयानं बघायला लागली, आणि त्याबद्दल तिला स्वतःचीच घाण वाटायची.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी एक बाई जिना चढून आली. फिकट रंगाचा लांब कोट, डोळ्यांवर काळा चष्मा, केस नुकतेच रंगवलेले. काळं काहीच नाही. आरशाकडे तिनं पाहिलं नाही, पण छताकडे पाहिलं, खुंट्यांकडे पाहिलं, जिथं पूर्वी खुर्ची असायची त्या कोपऱ्याकडेही जरा जास्तच वेळ पाहिलं. अशी पाहणी कोण करतं? मग हातातल्या फोनवरून तिनं यादी वाचली.

"सूट, छप्पन्न माप, पाय आखूड. शर्ट चव्वेचाळीस. मोजे, बूट बेचाळीस. टोपी. रुमाल."

"कुणासाठी हवंय?" हे विदामावशीनं आयुष्यात कुणाला विचारलं नव्हतं.

बाईनं फोन खिशात टाकला. "नवऱ्यासाठी."

शर्ट आणलेला नाही, माप फोनमध्ये, सगळं पाठ केल्यासारखं. पण आवाज मात्र दगडाखालून आल्यासारखा. विदामावशीच्या पोटात काहीतरी म्हणत होतं, बाई खरी आहे, खुर्ची दे. आणि डोक्यात अहवाल वाजत होता, काहीतरी अगम्य पुटपुटली. बाईच्या मागे पट्टा घेऊन एक माणूस उभा होता, घड्याळ बघत होता. छप्पन्नचा एकच सूट अख्ख्या मजल्यावर होता. तिनं तो घडी केला, पिशवीत घातला. सात महिने. सिबिनची औषधं. पुन्हा फसले तर घरी.

ती हसली. "निरोगी अंगानं घाला! आमचं कार्ड आहे का?"

बाईनं पाकिटातून काढलेला हात तसाच हवेत ठेवला. मग सावकाश काळा चष्मा उतरवला. आणि विदामावशीनं तिला ओळखलं. व्हिएन्नाला असणाऱ्या त्राइलोची योर्गोवांका. गावाबाहेर फाटकावर सिमेंटचे दोन सिंह बसवलेलं घर, तेच यांचं. डोळे रडून रडून इतके सुजलेले होते की चष्म्याशिवाय ती रस्त्यानं येऊच शकली नसती.

"राहू दे," योर्गोवांका म्हणाली. पिशवी तिनं दोन बोटांनी गल्ल्यावर मागे सरकवली आणि जिन्याकडे चालू लागली.

"थांबा! ताई, थांबा जरा!"

"माझा एवढा पट्टा करून टाका," मागचा माणूस म्हणाला. "गाडी चुकेल माझी."

गल्ला सोडायचा नाही. विदामावशीनं पट्टा पिशवीत घातला, वाक्य तिच्या तोंडातून आपोआप बाहेर पडलं, आणि खिडकीशी जाईपर्यंत खाली ऑस्ट्रियाच्या नंबराची गाडी चौकातून वळलेली होती.

संध्याकाळी सिबिन घेवड्याचं कालवण जेवत होता, एक पाय स्टुलावर ठेवून. विदामावशीनं कोट न काढताच कपाट उघडलं आणि अगदी मागून, डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट, एक गडद निळा सूट बाहेर काढला. सिबिनचा चमचा हवेतच राहिला.

"मी मेलो का?"

"अजून नाही. जेव."

"मग तो का काढलास?"

हा सिबिनचा जायचा सूट, मेल्यावर अंगावर घालायचा. आमच्याकडे पन्नाशी उलटली की शहाणी माणसं तो करून ठेवतात. हा चांगल्या लोकरीचा, आतून रेशमी अस्तराचा, दुकानाच्या भरल्या दिवसांत घेतलेला. तो विदामावशीनंच विकला होता आणि विदामावशीनंच विकत घेतला होता. गल्ल्याच्या या बाजूनं त्या बाजूला जाऊन तिनं तो उचलला तेव्हा ती तोंडातून चकार शब्द बोलली नव्हती.

ती खुर्चीत बसली आणि तिनं सगळं सांगितलं. कोण आली होती, आपण काय म्हणालो, का म्हणालो. "भ्याले रे मी. पोटातून कळत होतं, तरी म्हटलं. त्राइलो गेल्या महिन्यात गेल्याचं ऐकलं होतं; परवा शनिवारी त्याचा चाळिसावा असणार, आणि तिच्याकडे सूट नाही. गावात दुसरीकडे तशा अंगलटीचा मिळायचा नाही."

सिबिननं पाव मोडला, कालवणात बुडवला. "त्राइलो म्हणजे तो सिंहवाला?"

"तोच."

"त्याचं पोट माझ्याहून मोठं होतं."

"तू बऱ्याच दिवसांत स्वतःकडे पाहिलेलं नाहीस."

"आणि मी कशात जाऊ? ट्रॅकसूटमध्ये? तिकडे माझा बाप भेटेल, तो काय म्हणेल?"

"तुला दुसरा घेऊ."

"तुझ्या दुकानातून? त्या नळकांडी विजारी? जिवंतपणी माझे पाय त्यात जात नाहीत, मेल्यावर काय जातील."  मग सुटाची बाही त्यानं दोन बोटांत धरून चुरगळून पाहिली, सोडली, आणि ती पुन्हा सरळ झाल्यावर मान हलवली. "चांगला होता. ने. मला घाई नाहीये. त्याला परवा हवाय."

शुक्रवारी सकाळी सुझाना धावतच वर आली.

"मावशी, दहापैकी दहा! काल होता म्हणे तो खोटा, पट्टा घेतला त्यानं. ऐका काय लिहिलंय. विक्रेतीनं माझ्या आधीच्या गिऱ्हाइकालाही आणि मलाही पूर्ण वाक्य हसून म्हटलं. आधीच्या गिऱ्हाइकाचं वर्तन विचित्र असूनही विक्रेतीनं सौजन्य सोडलं नाही. मावशी, अख्ख्या मोरावा ते डॅन्यूब विभागात तुम्ही पहिल्या! एक चूक पुसणार आहेत तुमची!"

आणि तिनं विदामावशीच्या स्वेटरवर एक पिवळा, बशीएवढा गोल बिल्ला लावला.  विदामावशी नुसती उभी राहिली. त्या बाईच्या डोळ्यांदेखत केलेल्या पापाचं तिला बक्षीस मिळालं होतं, आणि ते घ्यायला ती नाही म्हणाली नाही. दिवसभर गिऱ्हाइकं होती. बिल्ला तिच्या लक्षातूनही गेला.

चारला सुटी झाल्यावर ती सूट घेऊन बसनं गेली. सिंहांच्या मधून आत शिरली तर अंगणात दोन म्हाताऱ्या उद्याच्या जेवणासाठी मासे साफ करत होत्या. योर्गोवांका दारातच होती. आता ती पूर्ण काळ्यात होती. गावच्या घरात आली की व्हिएन्नावाल्यासुद्धा काळ्यात येतात.

"मी दुकानातून आले," विदामावशी म्हणाली.

"ओळखलं. आत या. असल्या दिवसांत उंबऱ्यावर उभं राहून बोलू नये."

आत चूल रसरसून पेटली होती, पाव भाजायचे होते. विदामावशीनं कोट काढला. योर्गोवांकाची नजर तिच्या छातीवर गेली आणि तिथंच थांबली.

"हे आधी काढा."

विदामावशीनं खाली पाहिलं. पिवळ्यावर लाल अक्षरांत, उद्गारचिन्हासकट: निरोगी अंगानं घाला! मेलेल्याच्या घरात ती हे छातीवर मिरवत आली होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. ती टाचणी चाचपू लागली, पण बोटांना काही सुधरेना. शेवटी योर्गोवांकानंच पुढे होऊन टाचणी सोडवली आणि बिल्ला टेबलावर पालथा ठेवला.

"मला वाटलं तुम्ही खोट्या आहात," विदामावशी म्हणाली. गोलगोल बोलणं तिला कधी जमलंच नव्हतं. "कंपनी पाठवते अशा बायका. दुःखाचं सोंग घेऊन येतात, आमची परीक्षा घ्यायला. मागच्या महिन्यात एकीनं फसवलं मला. अजून एकदा चुकले तर घरी घालवणार होते, म्हणून म्हटलं."

"आणि मी सोंग वाटले."

"हो. भीतीनं तसं वाटलं."

योर्गोवांका चुलीकडे वळली. चुलीत एक लाकूड सरकवलं. मग पाठमोरीच म्हणाली, "अठरा वर्षांपूर्वी पोराच्या लग्नाला त्राइलोचा सूट तुम्हीच दिलात. आरशासमोर त्यानं पोट आत ओढलं तर त्याला म्हणालात, सोडा ते, या वयात आता कुणाला फसवायचंय? परत जाताना अर्ध्या हंगेरीपर्यंत हसत होता गाडीत. मधूनच पोट फुगवायचा आणि म्हणायचा, योर्गो, आता कुणाला फसवायचंय? तुम्ही त्याला निरोगी अंगानं घाला म्हणालात, आणि त्यानं अठरा वर्षं घातला." ती वळली. "व्हिएन्नाला माझ्या दारात दहा दुकानं आहेत. तिथून आणता आला असता. तिथं पहिल्यांदा सांगावं लागलं असतं की तो गेला. मग कसा गेला. तुमच्याकडे सांगावं लागत नाही, म्हणून आले होते."

विदामावशीला रडू फुटलं. ते तिनं थोपवलंही नाही. रडता रडताच तिनं पिशवी पुढे केली. योर्गोवांकानं सूट बाहेर काढला, अस्तर उलटून पाहिलं, लोकर गालाला लावून पाहिली.

"कुणाचा?"

"माझ्या नवऱ्याचा. ठेवणीतला."

"आणि मग ते काय घालणार?"

"तो काल म्हणाला, मला घाई नाही. त्याला परवा हवाय."

योर्गोवांकाच्या तोंडून हसू निघालं, हिसक्यासारखं, आणि त्याच श्वासात ती हमसून हमसून रडायला लागली. अंगणातल्या म्हाताऱ्या दारातून डोकावल्या आणि परत गेल्या.

"यावर कुणी काही म्हटलंय?" डोळे पुसून तिनं विचारलं.

"नाही. घेताना मी तोंड मिटून घेतला. त्यानं कधी घालूनही पाहिला नाही, अपशकून नको म्हणून."

"विजारीचे पाय लांब आहेत. त्राइलो सगळा वरच होता." आणि योर्गोवांकानं टेबलाखालून एक खुर्ची ओढून तिच्यापुढे सरकवली. "बसा."

विदामावशी बसली. पर्समधून मोजपट्टी काढली, दोरा काढला. विजार दोन बोटं आत घेऊन तिनं चुलीच्या उजेडात नवी दुमड घातली, आणि योर्गोवांका समोर बसून त्राइलोबद्दल सांगत राहिली, न विचारता, जे येईल ते. निघताना विदामावशीनं तिच्या कोपराला हात लावला. "त्यांना पोचो."

"पोचेल," योर्गोवांका म्हणाली.

सोमवारी दुकान उघडायच्या आधी विदामावशी तळघरात गेली. मोडीत निघालेल्या सामानात लाल खुर्ची सापडली. एक पाय हलत होता, त्याखाली पुठ्ठा घातला. दोन जिने चढून ती तिनं वर आणली आणि जुन्या कोपऱ्यात ठेवली. मोजपट्टी गळ्यात घातली.

सुझाना आली ती आधी खुर्चीकडे आणि मग तिच्या छातीकडे बघत राहिली. "मावशी, बिल्ला?"

"राहिला एके ठिकाणी."

"अहो, आज त्यांचा फोन येईल, फोटो हवाय त्यांना." ती आणखी काही बोलणार होती, पण जिन्यात पावलं वाजली.

चाळिशीतला एक माणूस वर आला. खाणीतला असावा, नखांच्या कडा काळ्या. हातात प्लास्टिकची पिशवी. तो सुटांसमोर जाऊन उभा राहिला आणि उभाच राहिला. खरा असेल, खोटा असेल. विदामावशीनं या वेळी शोधायचा प्रयत्नच केला नाही. तिनं खुर्ची पुढे सरकवली.

"बसा. शर्ट द्या इकडे."

माणूस बसला. अर्ध्या तासात सगळं जमलं. विदामावशीनं गल्ला तीनदा सोडला, बूट आणायला, टोपी आणायला, आणि त्याला पाणी आणायला. सुझाना गल्ल्याशी उभी होती, वही हातात. सूट पिशवीत गेला तशी ती अगदी जवळ आली आणि कानाशी कुजबुजली, "मावशी, पाया पडते. एवढं एकदा म्हणा. छताला कॅमेरा बसवलाय त्यांनी, मला लिहावंच लागेल, आणि जुनी चूक अजून पुसलेली नाही, ही तिसरी ठरेल. सात महिने उरलेत तुमचे. ते काय, हवेतच विरून जाणारं वाक्य आहे."

विदामावशीनं तिच्या गालाला हात लावला, तिच्या बापाला सूट देताना या पोरीच्या गालाला लावला होता तसा. मग वळून पिशवी त्या माणसाच्या हातात दिली, आणि कोपर धरलं.

"त्यांना पोचो."

माणसानं मान वर केली.  मागे सुझानाची वही उघडल्याचा आवाज झाला, मग पेनाचा. त्यानंही तो ऐकला.

"त्या बाई काय लिहितायत?"

"काही नाही. त्यांचं काम आहे ते." विदामावशीनं त्याला परत खुर्चीवर दाबून बसवलं. "तुम्ही जरा बसा अजून. एवढ्यात जिना उतरू नका."